पांढरें मूळ

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती कां बिघडली हें शोधण्यापेक्षां ती कोणीं बिघडविली हें ठरविण्याकडे आपला ओढा अधिक असतो. घड्याळ बंद पडलें कीं किल्ली देणारा, आणि लोणच्याला बुरशी आली कीं बरणींत ओला चमचा घालणारा अगोदर हुडकला जातो. एकत्र कुटुंबांत तर हा न्याय फारच झटपट होतो. कारण न्यायाधीशाचें आसन बहुधा घरांतील वडील माणसाकडे असतें, आणि त्याचा निकाल फिरविण्याची चाल नाहीं. आम्हीहि या आसनावर पुष्कळ वर्षें बसलों आहों. गेल्या उन्हाळ्यांत त्यावरून आम्हांस खालीं उतरावें लागलें, त्याची ही हकीकत.

आम्ही उभयतां चार महिन्यांसाठीं चिरंजिवांकडे अमेरिकेंत गेलों होतों. टेक्सास राज्यांत डॅलस शहराच्या एका उपनगरांत त्यांचें घर आहे. घरापुढें हिरवळ, घरामागें हिरवळ. पहिल्याच दिवशीं आम्हीं वाकून तें गवत निरखिलें आणि चकित झालों. ती चक्क हरळी होती! तेथें तिला 'बर्म्युडा ग्रास' म्हणतात एवढेंच. गणपतीला आपण जिची एकवीसांची जुडी वाहतों तीच ही दूर्वा. आमच्या वडिलांनीं गांवच्या काळ्या रानांतून जी खणून काढतां काढतां हात टेकले, ती येथें लोक पैसे देऊन आणतात, अंथरतात आणि पाणी घालून वाढवितात!

जमीनहि ओळखीचीच निघाली. डॅलसच्या आसपासपासून दक्षिणेस सॅन अँटोनिओपर्यंत काळ्या चिकण मातीचा एक पट्टा आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीची ती सख्खी बहीण शोभावी. पावसांत फुगते, उन्हांत आकसते, आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतांत अशा भेगा पडल्या तर नांगरटींत बुजून जातात. परंतु घराखालची माती आकसली म्हणजे पाया हलतो आणि भिंतींना चिरा जातात. म्हणून त्या भागांत उन्हाळ्यांत घराभोंवतालची जमीन ओलसर राखणें ही केवळ हौस नसते.

पण पाणीहि मोकळ्या हातानें सोडतां येत नाहीं. डॅलस शहरांत हिरवळीवर आठवड्यांतून फार तर दोन दिवस फवारे सोडण्याची मुभा आहे. आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सकाळीं १० ते सायंकाळीं ६ या वेळांत तेहि वर्ज्य. चिरंजिवांच्या उपनगरांतहि निर्बंध याच धर्तीचे. यामुळें त्यांचें फवाऱ्यांचें यंत्र पहांटे चार वाजतां, सारें घर झोपेंत असतांना, आपोआप चाले. पिण्याच्या पाण्याचा गवतावर होणारा हा अभिषेक पाहून आमच्या सौभाग्यवतींचा जीव पहिल्या दिवशीं कळवळला. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत बादल्या मांडून बसलेलें माणूस तें. तिला हें पाहवणार कसें?

आमच्या डोळ्यांपुढें फवारा म्हणजे आपल्याकडे भुईमुगाच्या शेतांत टक् टक् करीत फिरणारा. तो मूळचा कॅलिफोर्नियांतील ग्लेंडोरा येथल्या ऑर्टन एंगलहार्ट नांवाच्या फळबागाइतदारानें १९३३ सालीं शोधून काढला. येथील फवारे मात्र मुके होते. एरवीं जमिनींत दडून बसायचे, पाण्याचा दाब आला कीं चार बोटें डोकें वर काढायचे, आणि काम आटोपलें कीं पुन्हां अदृश्य व्हायचे. हिरवळीचे सहा भाग पाडलेले; प्रत्येक भागाला जमिनींत एक झडप; आणि या सहा झडपांना पाळीपाळीनें हुकूम सोडणारी एक पेटी गॅरेजच्या भिंतीवर. आमचें सारें आयुष्य पाटबंधारे खात्याच्या हिशेबी कचेरींत गेलें. पाण्याशीं आमचा संबंध कागदावरचा; तरीपण 'आम्ही पाटबंधाऱ्यांतले' असें म्हणतांना आमची मान थोडी ताठ होते, हें कबूल केलें पाहिजे.

आमच्या मंडळींना त्या मुलखांत कशाचीहि उणीव भासली नाहीं, एका अळूखेरीज. सूनबाईंनीं हिंदी लोकांच्या दुकानांतून अळकुड्या आणून दिल्या, आणि त्या लावण्याची कामगिरी आम्हीं हौसेनें पत्करली. अळूला ओल हवी. कोंकणांत तें सांडपाण्याच्या वाटेवरच लावतात. आम्हीं साऱ्या आवाराची पाहणी केली. घराच्या बाजूला, जमिनींत बसविलेल्या एका हिरव्या झाकणाशेजारची माती नेहमीं दमट असे. जागा मनास आली. फावडें घेऊन आम्हीं हातभर लांबीचा चर खणला. खणतांना एक पांढरें मूळ आडवें आलें. एकच घाव घातला, तें तुटलें. एवढें मूळ कोणत्या झाडाचें, हें पाहण्यासाठीं मान वर करण्याचीहि तसदी आम्हीं घेतली नाहीं. अळकुड्या लावल्या, माती लोटली, वर तांब्याभर पाणी घातलें. ही जून महिन्याच्या मध्याची गोष्ट.

त्यानंतर आठवडाभर अधूनमधून पाऊस झाला. मग पाऊस थांबला, आणि उष्णता ३८ अंशांच्या वर गेली. अळूला आम्ही रोज हातानें पाणी घालीत होतों, त्यामुळें त्यानें छान पानें काढलीं. परंतु जुलैच्या पहिल्या आठवड्यांत हिरवळ कडेनें पिवळी पडूं लागली. चार दिवसांत ती पार वाळलेल्या कडब्यासारखी दिसूं लागली. आणि घराच्या भिंतीलगत बोटभर रुंदीची भेग पडली. चिरंजीव एकदां पहांटे चारला उठून बाहेर जाऊन उभे राहिले. फवाऱ्यांनीं डोकें वर काढलेंच नाहीं.

त्या रात्रीं जेवतांना विषय निघाला. दर पंधरवड्यास गवत कापावयास एक प्रौढ गृहस्थ येत. मेक्सिकोहून आलेले, अबोल, कामांत चोख. त्यांचें कापणीचें यंत्र त्या हिरव्या झाकणाला अगदीं घासून जातें, हें आम्हीं खिडकींतून पाहिलें होतें. आम्हीं भाताचा घांस खालीं ठेवून निकाल दिला, ''हें त्याचेंच काम. यंत्र नेऊन आदळलें असेल, आंत कांहींतरी फुटलें. आमची इतकीं वर्षें पाटबंधाऱ्यांत गेलीं आहेत!''

सूनबाई हळूच म्हणाल्या, ''बाबा, आधीं एकदां तपासून पाहिलें तर?''

आम्ही हंसलों. ''अहो, यांत तपासायचें काय आहे?''

चिरंजिवांनीं वादविवाद केला नाहीं. त्यांनीं आमच्याशीं कधींच वादविवाद केलेला नाहीं, आणि याचा आम्हांस आजवर अभिमान वाटत असे. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं त्या गृहस्थांना दूरध्वनीवरून कळविलें कीं, तूर्त येऊं नका; आणि मागील खेपेची मजुरीहि अडकवून ठेविली. पलीकडून काय उत्तर आलें, असें आम्हीं विचारलें. ''कांहीं नाहीं. 'ओके' म्हणाले,'' एवढेंच चिरंजीव बोलले आणि उठून गेले.

दुरुस्ती करणारा माणूस ऐन उन्हाळ्याच्या गर्दीमुळें पंधरा दिवस येऊं शकत नव्हता. तेव्हां आमचा अकरा वर्षांचा नातू म्हणाला, ''आजोबा, आपणच शोधूं या.'' त्याच्याजवळ वीज मोजण्याचें लहानसें मीटर होतें. पाटबंधाऱ्यांतल्या माणसास नाहीं म्हणतां येईना.

त्या पोरानें जी रीत धरली ती आम्हांस इतकी आवडली, कीं ती येथें क्रमानें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. कोणाच्या घरीं असें यंत्र असेल त्यास ती उपयोगींहि पडेल. तो म्हणाला, ''आजोबा, पेटीपासून फवाऱ्यापर्यंत एक सांखळी आहे. कुठली कडी धड आहे हें एकेक करून ठरवायचं. उरेल ती मोडकी.''

पहिली कडी पेटी. तिचें घड्याळ बरोबर होतें. कोणत्या वारीं, किती वेळ, हें नेमलेलें वेळापत्रक जागेवर होतें. पाऊस पडला असतां फवारे आपोआप थांबविणारा एक संवेदक छपराच्या कडेला असतो. तो कधीं कधीं अडकून बसतो व कोरड्या दिवशींहि पाऊसच आहे असें पेटीस भासवितो. नातवानें खटका फिरवून त्यास वगळलें. तरी फवारे गप्पच. मग त्यानें पहिल्या भागास हुकूम सोडला आणि पेटीच्या दोन खिळ्यांस मीटरच्या सुया लावल्या. आंकडा आला २६. घरांत तिकडे १२० व्होल्टांची वीज खेळते; परंतु ओल्या जमिनींत माणसास धोका नको, म्हणून ट्रान्सफॉर्मर ती सुमारें २४ व्होल्टांवर आणून बाहेर सोडतो. म्हणजे पेटी हुकूम सोडीत होती. पेटी निर्दोष.

दुसरी कडी पाणी. घराच्या बाजूस, जेथें शहराच्या नळांतून पाणी बागेकडे वळतें, तेथें दोन मुठी असतात. त्या नळाच्या रेषेंत उभ्या असल्या म्हणजे वाट मोकळी, आडव्या असल्या म्हणजे बंद. दोन्ही रेषेंतच होत्या.

तिसरी कडी झडपा. आतां त्यानें तें हिरवें झाकण उघडलें. आमच्या अळूच्या अगदीं शेजारीं बसून आम्हीं आंत डोकावलें. या झडपेची रचना मोठी मौजेची आहे. आंत रबराचा एक पडदा असतो. त्याच्या वरच्या बाजूस अडकलेलें पाणी त्यास दाबून धरतें, म्हणून वाट बंद राहते. वीज आली कीं तारेचें एक वेटोळें लोखंडाची चिमुकली दांडी वर ओढतें, पडद्यावरचें पाणी एका बारीक छिद्रांतून निसटतें, आणि मग खालच्या पाण्याचा जोरच पडदा उचलतो. वीज केवळ कडी काढते. दार पाणीच लोटतें. तें वेटोळें हातानें पाव फेरा सैल केलें तरी हेंच घडतें. नातवानें तसें करतांच पुढच्या अंगणांत फस्सदिशीं आवाज झाला, सात फवारे एकदम उठून उभे राहिले, आणि आमच्या सौभाग्यवती, ज्या पापड वाळत घालावयास नेमक्या तेथें गेल्या होत्या, त्या पापडांसकट न्हाऊन निघाल्या. फवारे, नळ आणि रबरी पडदा असे तिघेहि निर्दोष सुटले.

राहिल्या फक्त तारा. पेटींतून प्रत्येक झडपेकडे एक वेगळ्या रंगाची तार जाते. नातवानें साऱ्या तारा पेटींतून सोडविल्या आणि एकेकीचा विरोध मोजला. तार व वेटोळें धड असेल तर मीटर बहुधा वीस ते साठ ओहमच्या दरम्यान थांबतें. येथें पहिल्या तारेचा आंकडाच येईना; म्हणजे वाट कोठेंतरी तुटलेली. दुसरीचें तेंच. तिसरीचें तेंच. साहीजणींचें तेंच.

पोरानें मीटर खालीं ठेवलें. ''आजोबा, सहाच्या सहा एकदम कशा बिघडतील? या सगळ्यांत सारखं काय आहे?''

सारखें एकच होतें. हुकूम नेणाऱ्या तारा सहा; परंतु सहाही झडपांतून वीज परत आणणारी तार एक. ती सामाईक तार. प्रघाताप्रमाणें तिचा रंग पांढरा असतो.

'पांढरी' हा शब्द कानीं पडला, आणि आमच्या पोटांत गोळा उठला.

नातू धांवत झाकणापाशीं गेला व त्यानें पांढरी तार धरून हळूच ओढली. ती सहज बाहेर आली. वीतभर अंतरावर संपलीच. टोंक स्वच्छ कापलेलें. त्यानें तें निरखून पाहिलें. ''यंत्राच्या पात्यानं कुरतडल्यासारखं झालं असतं. आणि तें यंत्र जमिनीच्या आंत जातच नाहीं. इथं कोणीतरी खणलं—''

तो थांबला. त्यानें अळूकडे पाहिलें, मग आमच्याकडे. मग अळूच्या बुडाशीं बोटांनीं माती उकरून त्यानें तारेचें दुसरें टोंक काढलें, आणि बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. शेवटीं हलक्या आवाजांत म्हणाला, ''आजोबा, मी कोणाला सांगणार नाहीं. आपण जोडून टाकूं.''

वाचकहो, तुटलेल्या तारेनें आम्हांस जितकें लाजविलें नाहीं तितकें या मायेच्या वाक्यानें लाजविलें. क्षणभर मोह झाला, हें लपवीत नाहीं. तार जोडली असती तर पहांटे फवारे उठले असते, घरांत आमची वाहवा झाली असती. आणि एका परक्या गृहस्थाच्या नांवावर न केलेला गुन्हा कायमचा राहिला असता. आणि त्या मुलाला आमच्यापासून काय मिळालें असतें? वडील माणसाची चूक झाली कीं ती मातीनें झांकायची असते, एवढाच धडा!

तार त्या सायंकाळींच जोडली. दोन्ही टोंकांवरचें वेष्टण बोटाच्या पेराएवढें सोलून, मध्यें नव्या तारेचा तुकडा घालून पीळ दिला, आणि ओल शिरूं नये म्हणून आंत वंगण भरलेलीं टोपणें दोन्ही सांध्यांवर घट्ट फिरविलीं. मोजून पाहतां साहीजणींचे आंकडे ठीक आले. मग जेवणाच्या वेळीं, ज्या पाटावरून म्हणा, खुर्चीवरून म्हणा, आम्हीं निकाल दिला होता, तेथूनच तो परत घेतला. सूनबाई खालीं पाहून पोळी वाढीत राहिल्या. त्यांनीं एका शब्दानेंहि आठवण करून दिली नाहीं. चिरंजीव मात्र म्हणाले, ''बाबा, चूक माझीहि आहे. मला तें पटलं नव्हतं. तरी मी फोन केला.''

तें ऐकून आमची रात्र नीट गेली नाहीं. मुलगा आपल्याशीं वाद घालीत नाहीं, याचा अभिमान कीं काळजी वाटावी, हा प्रश्न या वयांत प्रथमच पडला. तेथें खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवावें, मग गॅस, वीज इत्यादिकांचे लोक येऊन जमिनीवर खुणा करून जातात, अशी रीत आहे. परंतु घरच्या फवाऱ्यांच्या तारा हे लोक बहुधा दाखवीत नाहींत. घरांतलें घरच्यांनाच विचारावें लागतें. आणि आम्हीं कोणालाच विचारलें नव्हतें.

पुढच्या शनिवारीं चिरंजिवांनीं त्या गृहस्थांस बोलावून घेतलें. अडकविलेली मजुरी आणि मधल्या बुडालेल्या खेपेचे पैसे पाकिटांत घालून आम्ही फाटकापाशीं उभे राहिलों. त्यांना इंग्रजी बेताचें, आम्हांस स्पॅनिश मुळींच नाहीं. नातवानें 'लो सिएंतो' एवढें पाठ करून घेतलें होतें; 'मला वाईट वाटतें' असा त्याचा भाव. आम्हीं तें म्हटलें, खिशांतून तारेचा कापलेला तुकडा काढला, फावडें मारल्याचा अभिनय केला, आणि स्वतःच्या छातीकडे बोट दाखविलें.

ते हंसले नाहींत. तुकडा हातांत घेऊन त्यांनीं पाहिला, पाकीट घेतलें, मोजलें नाहीं. मग आमच्याबरोबर अळूपाशीं आले, आणि तीं रुंद पानें पाहतांच त्यांचा चेहरा उजळला. ''मलांगा!'' ते म्हणाले. अळूसारख्या कंदाला त्यांच्या मुलखांत तें नांव आहे. त्यांनीं खालीं बसून एक पान उलटें करून पाहिलें, अगदीं आमच्या आई पाहत असत तसें. जातांना त्यांनीं आपल्या गाडींतून काड्यांवर लावलेलीं लहान निशाणें आणलीं आणि पेटीपासून झाकणापर्यंत, जेथून तारा जातात त्या रेषेवर, एकेक करून रोवलीं.

हिरवळ तीन आठवड्यांत पूर्ववत् झाली. दूर्वा वाळते, पण सहजासहजीं मरत नाहीं. पाणी मिळालें कीं कांड्यांतून पुन्हां फुटते. त्या शनिवारच्या पुढच्या खेपेस सौभाग्यवतींनीं त्या गृहस्थांना डब्यांत अळूवड्या दिल्या. डबा धुऊन परत आला.

तो तारेचा तुकडा आम्हीं बरोबर आणला आहे. लिहिण्याच्या मेजावर दौतीशेजारीं तो असतो. परवां आमच्या येथील स्वयंपाकघरांतला मिक्सर बंद पडला. आमच्या तोंडून ''ती नवी कामाची बाई—'' एवढें निघालें, आणि सौभाग्यवतींनीं मुकाट्यानें मेजाकडे पाहिलें. आम्ही उठलों आणि पहिल्या कडीपासून आरंभ केला. खटका आम्हींच रात्रीं बंद केला होता.